जवाईबापूंचा हूक

आमच्या वर्गातली मुलं सुट्टीत चिखलदऱ्याला जातात. एकदोघं गोव्याला जाऊन आली. मी अकोल्याला जाऊन आलो, तेही ट्रकमधून, आणि ट्रकच्या मागे लावायचा एक लोखंडी हूक आणायला. याचं प्रवासवर्णन होतं की नाही, मला नक्की सांगता येत नाही. पण त्या रस्त्याने कधी ना कधी सगळेच गेलेले असतात. हूक आणायला फारसं कोणी गेलेलं नसेल, म्हणून लिहितो.

आमचं अमरावतीत बिछायतीचं दुकान आहे. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, मोठी भांडी, सगळं आमच्याकडून जातं. आजवर जनरेटर लागलं की दुसऱ्याचं सांगायचो आणि ते ट्रॅक्टरमागे हळूहळू यायचं. एका लग्नात तर वरात आली तरी जनरेटर आलं नव्हतं. यंदा बाबांनी स्वतःचं घेतलं. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं, भल्लं मोठं. ते आता आमच्या ट्रकनेच ओढायचं होतं. ट्रकला मागे एक आकडा असतो, पण तो चिखलात फसलेली गाडी खेचण्यापुरता. रोजचं एवढं वजन ओढायला गाडीच्या चेसिसवर बसवलेला भारी हूक लागतो. रिद्धपूरला एका आश्रमातल्या कार्यक्रमाचा मांडव आमच्याकडे होता, जनरेटरसकट. त्या कार्यक्रमाआधी हूक बसायला हवा होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा दहावीला थांबले, आई त्याच्याही आधी. घरात माझं कौतुक नाही असं नाही, पण ते परीक्षेच्या निकालापुरतं असतं. धंद्याचं काही निघालं की मी लहानच. हूक कोणकोणते असतात, कोणता किती वजन सोसतो, हे मी बरंच वाचलं होतं, मोबाइलवर पाहिलं होतं. मला फार काही नको होतं. बाबांनी एकदा म्हणावं, ‘वैभव, तुले काय वाटते?’ आणि मी सांगेन तसा तो हूक बसावा, एवढंच.

बाबांनी विचारलं जवाईबापूंना.

जवाईबापू म्हणजे माझे मंगेश भाऊजी, ताईचे यजमान. पातूरला त्यांचं झेरॉक्सचं आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकशी त्यांचा संबंध रस्ता ओलांडण्यापुरता. पण दिवाळीत फराळाला बसले असताना ते एकदा म्हणाले होते, ‘आमच्या अकोल्यात सारं भेटते.’ तेवढं बाबांना पुरलं.

अमरावती

निघायच्या आदल्या दिवशी मी जनरेटरच्या ट्रॉलीची कडी मोजली. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला टोकाशी जाड लोखंडी कडी असते, ती हुकात अडकते. कडी आणि हूक एका उंचीवर आले तर ट्रॉली सपाट चालते. नाहीतर नाक खाली किंवा वर करून चालते आणि वळणावर गाडीला ओढते. ट्रॉली अकोल्याला नेता येणार नव्हती, कारण ती न्यायला हूकच नव्हता. म्हणून मी मांडवाचा एक बारीक बांबू घेतला, जमिनीवर उभा धरला आणि कडीच्या बरोबर उंचीवर कापला. आमच्या धंद्यात टेपपेक्षा बांबूवर विश्वास जास्त. तो बांबू छान कापला गेला होता. मला त्याचा थोडा अभिमान वाटत होता.

संध्याकाळी भाऊजी आले. खरं तर ते अकोल्यातच आम्हाला भेटू शकले असते, पातूरहून त्यांना ते जवळ. पण जावयाला वर्कशॉपच्या दारात उन्हात उभं करायचं, हे बाबांना पटेना. म्हणून भाऊजी पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती असे एसटीने आले, कढीगोळे खाऊन झोपले आणि सकाळी आले त्याच रस्त्याने आमच्याबरोबर परत निघाले.

ट्रकमध्ये बसताना मी बांबू घेऊन वर चढत होतो. बाबा म्हणाले, “तो बापूंपाशी दे.”

“काहून? मीच कापला न.”

“माप बापूंपाशी असू दे. तू हरवशीन.”

आठ वर्षांचा असल्यापासून मी मांडवाचे बांबू उचलतो. एकही हरवलेला नाही. पण मी दिला.

भाऊजी खिडकीशी बसले. ते ताडासारखे उंच आहेत, केबिनच्या टपाला त्यांचं डोकं लागत होतं. मी मधे, इंजिनच्या झाकणावर, खाली सतरंजीची घडी घालून. एप्रिलचं ऊन वरून आणि इंजिन खालून. बडनेरा सुटलं तसं दोन्ही बाजूंना काळी मोकळी शेतं सुरू झाली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, मधेच एखादं निंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत गाई. मला हा रस्ता आवडतो. त्यात काही पाहण्यासारखं नाही, म्हणून डोळ्यांना कुठे थांबावं लागत नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. बाबा भाऊजींना काय काय विचारतात, ते मी ऐकत होतो.

“बापू, डिझेल अजून वाढीन काय?”

“वाढूई शकते मामाजी.”

“मलेई तेच वाटते,” बाबा समाधानाने म्हणाले.

हेच मी परवा म्हणालो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुले काय करा लागते, तू अभ्यास कर.’

मूर्तिजापूरला थांबलो. बाबांनी विचारलं, “बापू, काय घेता?” भाऊजी संकोचून म्हणाले, “काहीई चालते.” जावयाच्या ‘काहीही’चा अर्थ आमच्याकडे ‘सगळं’ असा घेतात. आलुबोंडे आले, कचोरी आली, वर तर्री आली, मग दही, मग जिलबी. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. ते खालून प्लेट माझ्याकडे सरकवत होते आणि बाबा वरून त्यांच्या प्लेटमध्ये वाढत होते. मला कोणी काही विचारलं नाही, पण मीही तेच सगळं खाल्लं. खाताना वाटत होतं, की हे मला मिळालेलं नाही, उरलेलं आहे.

अकोला

सलीमभाईंचं वर्कशॉप शहराच्या कडेला आहे. पत्र्याची लांब शेड, आत ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, वेल्डिंगचा निळा उजेड. सलीमभाई साठीचे, दाढी पांढरी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हिंदी आणि वऱ्हाडी ते एकाच वाक्यात बोलतात.

बाबांनी ओळख करून दिली. “हे आमचे जवाईबापू.” मी शेजारीच उभा होतो. जरा वेळाने म्हणाले, “हा पोरगा.”

ट्रकच्या मागे जाताना भाऊजींचं लक्ष वर पत्र्याकडे होतं आणि त्यांचा गुडघा बंपरच्या कोपऱ्यावर जोरात आपटला. बाबा धावले. “बाप्पा बाप्पा! लागलं काय? वैभव, पाणी आन! सलीमभाई, मलम हाय काय?” भाऊजी लाजून म्हणत होते, “काई नाई मामाजी, काई नाई,” आणि बाबा खाली बसून त्यांच्या पँटवरूनच गुडघा चोळत होते. माझं त्याच बंपरवर गेल्या पावसाळ्यात बोट चेमटलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘पाहून काम करत जाय.’

सलीमभाईंनी तीन हूक टेबलावर ठेवले. एक गुळगुळीत चकचकीत लोखंडी गोळा, ज्यावर ट्रॉलीची वाटी बसते. एक दोन जबड्यांचा, मधून जाड पिन घालायचा, ट्रॅक्टरला असतो तसा. आणि तिसरा काळा, बोजड, वाघाच्या तोंडासारखा; कडी आत गेली की वरचा जबडा मिटतो आणि खटका बसतो. मला तिसरा हवा होता. त्यात कडी चारी बाजूंना फिरते. आश्रम म्हणा, शेतातलं लग्न म्हणा, आमची गाडी कच्च्या रस्त्याने जाते, खड्ड्यात ट्रॉली एकीकडे आणि ट्रक दुसरीकडे कलतो. पिन तिथे वाकते. हे सगळं वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं.

“बापू, पाहा बरं,” बाबा म्हणाले.

भाऊजी तिन्ही हुकांकडे बघत राहिले. मग त्यांनी गोळ्यावर बोट ठेवलं. “हा चांगला दिसते.”

“हाच द्या मग,” बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण सलीमभाईंनी हात वर केला. “अरे सेठ, ये तो कार के पीछे लगता. पिकनिकवाले घेतात. तुमच्या जनरेटरखाली याचा लाडू होऊन जाईन.”

भाऊजींनी घाईने बोट दुसऱ्यावर नेलं. सलीमभाई म्हणाले, “ट्रॅक्टरले ठीक हाय. ट्रकची स्पीड अलग.” मग बोट तिसऱ्यावर गेलं. सलीमभाई म्हणाले, “हां. ये.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “पाह्य. बापूंनी बरोबर काढला.”

तो माझा हूक होता. आधीचे दोन बाद झाल्यावर भाऊजींचं बोट तिथे पोहोचलं होतं, मी घरून निघतानाच पोहोचलो होतो. पण आता तो बापूंनी काढलेला हूक झाला. मी घशाशी आलेलं वाक्य गिळलं. त्याला दह्याची आंबट चव होती.

सलीमभाई म्हणाले, चेसिसवर ते वेल्डिंग करत नाहीत, पट्टी कमजोर होते. दोन्ही चेसिसपट्ट्यांच्या मधे जाड प्लेट टाकून मोठ्या बोल्टांनी हूक आवळतात. प्लेट कापून तयार करायला संध्याकाळ होईल, भोकं सकाळी पाडू. “उंचाई सकाळी सांगा. एकदा भोक पाडलं की पाडलं. दुबारा वर-खाली नाई होत.”

ट्रक तिथेच ठेवून आम्ही काळी-पिवळीने पातूरला निघालो. जीपमध्ये एवढी माणसं कोंबलेली, की भाऊजींना बांबू खिडकीतून बाहेर धरून बसावं लागलं. समोरून येणारे मोटारसायकलवाले दचकून बाजूला होत होते.

पातूर

पातूरच्या बाजूला जमीन जरा उठते, डोंगर दिसायला लागतात. अमरावतीहून आलेल्या माणसाला हवा बदलल्यासारखी वाटते. भाऊजींच्या घरात मात्र उकाडा होता. एक मोठा कुलर बैठकीत मधोमध कपाटासारखा उभा होता, बंद.

भाऊजींचे वडील, तात्या, दारात येऊन उभे राहिले. बाबांना नमस्कार झाला आणि मग तात्यांनी माझा हात हातात घेतला. “या सोयरे, या! कालेजवाले सोयरे! बसा, वर बसा.” मला पलंगावर बसवलं, उशी दिली. बाबा खुर्चीवर. भाऊजी बांबू घेऊन दाराशी उभे होते. तात्या त्यांना म्हणाले, “अरे उभा काहून हाय? पाणी आन सोयऱ्याले.”

माझ्या मागे आणखी कोणी सोयरा आला आहे का, म्हणून मी वळून पाहिलं.

जेवायला पाटवडी-रस्सा होता. मला वाटेल तेवढं तूप. तात्या मला विचारत होते, परीक्षा कधी, पुढे काय करणार, मोबाइलवर एवढे फोन येतात ते कोण करतं. मी घाबरत घाबरत जे सांगितलं ते तात्या मान डोलावून ऐकत होते. हात धुतल्यावर म्हणाले, “सोयरे, एक सांगा. तुमी शिकलेले. हा कुलर कुठं लावावा? मी म्हनतो मागच्या खिडकीत. तिथं आडोसा हाय, कोनाच्या मधे येत नाई.”

मी मागे जाऊन पाहिलं. मागची खिडकी मोरीच्या बोळात उघडत होती, वारा असा नव्हताच. समोर ओसरीवर मोकळी हवा होती. मी चाचरत म्हणालो, “तात्या, मले वाटते समोरच्या खिडकीत लावा. कुलरले बाहेरची हवा लागते. बोळातली तीच ती हवा आत ओढून घर नुसतं ओलं होईन.”

“हो!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. “पाह्य मंगेश! हे म्हनतात शिक्षन! उद्याच्या उद्या समोर लावून टाक.”

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ताई फस्सकन हसली. “मामंजी, हे दोन महिन्यांपासून तेच सांगून राह्यले.”

“त्यानं असं सांगतलं नाई,” तात्या म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे हात करत लगेच मधे तोंड घातलं. “अहो, त्याले काय समजते, पोरगं हाय ते.”

मी भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत हसत होते, आणि तसं हसताना जबडा कसा दुखतो हे मला ठाऊक होतं. सकाळपासून मीही तसाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत भाऊजी मला लेणी दाखवायला घेऊन गेले. डोंगराच्या कडेला कातळात कोरलेल्या जुन्या खोल्या आहेत. नक्षी फारशी नाही, पण आत पाऊल टाकलं की पायाखाली गारवा लागतो आणि आपला आवाज आपल्यालाच जरा मोठा ऐकू येतो. जाणाऱ्यांनी सकाळीच जावं, पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

आम्ही आतल्या ओट्यावर बसलो. भाऊजी गुडघा चोळत म्हणाले, “वैभव, एक सांगू काय? मले त्या हुकातलं काई समजत नाई. मामाजी विचारतात अन् मी नाई म्हनलं तर त्याईले वाईट वाटते. म्हनून मी बोट ठेवत जातो.”

“मले माहीत हाय,” मी म्हणालो.

“आज उंची विचारतीन. काय सांगू? बांबूएवढीच सांगू न?”

रात्रभर माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. बांबू बरोबर होता, पण ट्रक रिकामा होता. आमचा ट्रक रिकामा कधी जातच नाही. पाइप, सतरंज्या, भांडी भरली की मागून चार-पाच बोटं खाली बसतो. हे कुठे वाचलेलं नव्हतं. लहानपणापासून मी मागे उभा राहून सामान चढवतो. रिकाम्या गाडीचं बंपर मला मांडीला लागतं, भरलेल्या गाडीचं गुडघ्याला. आज रिकाम्या गाडीवर कडीच्या बरोबर हूक लावला, तर रिद्धपूरला जाताना तो चार बोटं खाली असेल आणि ट्रॉली नाक घासत चालेल.

खरं सांगायचं तर मला न सांगण्याचा मोह झाला. लागू दे चुकीचा, म्हटलं. बापूंनी काढलेला हूक, बापूंनी सांगितलेली उंची. मग बाबा बघतील.

पण मांडव आमचा होता. मी भाऊजींना सगळं सांगितलं.

भाऊजींनी गुडघा चोळणं थांबवलं. मग म्हणाले, “तू मामाजींले सांग न.”

“ऐकतीन काय?”

भाऊजी हसले. “काल रातच्याले माह्यं बोलनं तुह्या तोंडातून गेलं तवा तात्याच्या कानात शिरलं. आज तुह्यं माह्या तोंडातून जाऊ दे. दोघाईचं काम होते.”

मला ते पटलं. पटलं तरी आवडलं नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या नावाने द्यायची, तर ती चांगली आहे याचा जास्तच त्रास होतो.

पुन्हा अकोला

सलीमभाईंनी ट्रक शेडमध्ये घेतला होता. खडू हातात घेऊन ते मागे बसले. “बोलो सेठ, उंचाई.”

बाबांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी बांबू उभा धरला. मी दोन पावलं मागे, हाताची घडी घालून.

“मामाजी,” भाऊजी म्हणाले, “रिकाम्या गाडीचं बंपर मांडीले लागते अन् भरल्या गाडीचं गुडघ्याले. आपली गाडी तर भरूनच जाते. मग हूक आज बांबूच्या बरोबर लावला तर भरल्यावर खाली नाई जाईन? चार बोटं वर ठेवा लागते.”

शब्दसुद्धा माझेच. निदान त्यांनी थोडे बदलायचे.

सलीमभाईंचा खडू हवेतच थांबला. “वाह दामादसाब! हे तर मी विचारलंच नाई. मले वाटलं जनरेटर घेऊन रिकामी गाडी जाते.” त्यांनी शेडमधल्या लोखंडाच्या कांबी ट्रकमध्ये भरायला सांगितल्या. आमच्या सामानाएवढं वजन झाल्यावर पुन्हा बांबू लावून पाहिला. गाडी पाचेक बोटं खाली आली होती. भरलेल्या गाडीवरच खडूची खूण झाली.

बाबा मात्र खडूकडे पाहत नव्हते. ते भाऊजींच्या पायांकडे बघत होते. मग एकदम भानावर येऊन माझ्याकडे वळले. “याले म्हनतात समज. शिक काई बापूंपासून.”

“हो,” मी म्हणालो.

ड्रिल सुरू झालं, लोखंडाचा चुरा उडाला, मोठे बोल्ट लांब पान्याने आवळले गेले, हुकाखाली साखळ्या अडकवायला दोन कड्या बसल्या, ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांसाठी वायर ओढली गेली. सलीमभाईंनी नवा हूक मिटवून खटका लावला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. इतकं चांगलं काम होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला त्यातलं काहीही नीट पाहता येत नव्हतं. भाऊजी एका खुर्चीवर बसले होते, त्यांच्यासाठी थंड सोडा आला होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. मी तहान नाही म्हणालो. तहान खूप लागली होती.

शेवटी हुकाची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ. नारळ कोणी फोडायचा, हे सांगायची गरज नव्हती.

भाऊजी अकोल्यातूनच पातूरला गेले. खिडकीची जागा मोकळी झाली. मी तिथे बसलो, पण बाबा बडनेऱ्यापर्यंत बापूंबद्दलच बोलत होते, त्यामुळे वाऱ्याचा काही उपयोग झाला नाही.

रिद्धपूर

ज्या दिवशी निघायचं होतं त्या पहाटे आम्ही ट्रक पूर्ण भरला. बंपर माझ्या गुडघ्याला आलं. मग जनरेटरच्या ट्रॉलीपुढे गाडी मागे घ्यायची होती. बाबा स्टेअरिंगवर बसले आणि ओरडले, “वैभव, मागं उभा राह्य. हात दाखव.”

मी हात दाखवत गेलो. येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, येऊ द्या. कडी सरळ जबड्यात गेली, वर नाही, खाली नाही, आणि खटका आपोआप बसला. ट्रॉली पाटासारखी सपाट. कामावरची माणसं म्हणाली, “मस्त बसलं. कोनी लावलं?”

“आमच्या जवाईबापूंनी पाहून देल्लं,” बाबा खिडकीतून म्हणाले.

मी साखळ्या अडकवत खाली वाकलो होतो, म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

रिद्धपूरचा रस्ता संत्र्याच्या बागांमधून जातो. अकोल्याकडचं सगळं काळं आणि उघडं, तर इकडे हिरवं आणि कुंपण घातलेलं. महानुभाव पंथाचं हे मोठं ठिकाण. गावात शिरताच एक शांतपणा जाणवतो, लोक एकमेकांना हात जोडून ‘दंडवत’ म्हणतात. आश्रमाकडे वळायचा रस्ता कच्चा होता. एका खड्ड्यात ट्रक डावीकडे कलला, ट्रॉली उजवीकडे, आणि हूक आत शांतपणे फिरला. मी आरशातून पाहत होतो. बाबाही पाहत होते.

आश्रमात पोहोचल्यावर खटका काढून ट्रॉली सोडवली. माणसं पाइप उतरवायला गेली. मागे आम्ही दोघंच. बाबांनी गमछ्याने हुकावरचं ग्रीस पुसलं, बंपरवर हात टेकला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी सलीमभाईच्या तिथं बापूंचं काय आपटलं होतं?”

“गुडघा.”

“गाडी तवा रिकामी होती न?”

“हो.”

“मी सोता चोळला तो गुडघा. बापू भल्ले उंच. रिकाम्या गाडीचं बंपर त्याईच्या गुडघ्याले लागते.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हुकाकडेच पाहिलं. “मंग मांडी कोनाची?”

मी हुकाचा खटका उघडून पुन्हा मिटवला. मग म्हणालो, “तवाच काहून नाई म्हनलं?”

“बापूंसमोर?” बाबा म्हणाले, जणू मी काही भलतंच विचारलं. मग गमछा खांद्यावर टाकला. “पुढच्या वेळेस उंची तूच सांगजो. बापू घरी असतीन तवा.”

म्हणजे बापू त्यांच्या घरी असतील तेव्हा. अट होतीच. पण हो म्हणालो.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. बाबांचा आवाज लगेच बदलला. “बसलं बापू, बसलं! पाटासारखं! तुमी होता म्हनून झालं.” ते ऐकताना मला पुन्हा हेवा वाटला. सगळं कळल्यावर वाटायला नको होता, पण वाटला. मी हात पुढे केला आणि फोन घेतला.

“भाऊजी, कुलर लावला काय?”

“लावला न. समोरच्या खिडकीत. गारेगार होते घर.” भाऊजींनी आवाज खाली आणला. “तात्या येनाऱ्या-जानाऱ्याले बसवून हवा देऊन राह्यले. म्हनतात, अमरावतीच्या सोयऱ्यानं डोकं चालवलं. सकाळपासून तेच ऐकून राह्यलो मी.”

त्यांचा जबडा दुखत असणार, हे मला फोनवरूनही कळलं. मी त्यांना म्हणायला हवं होतं, की मी सांगतो तात्यांना खरं काय ते. पण खरं सांगतो, मी आधी विचारलं, “अजून काय म्हनत होते तात्या?”